उपाय चांगला आहे, पण तो चालेल का?

(कोळगाव येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी गटागटाने बसून तुम्ही ज्या सूचना काढल्या, त्या फळ्यावर लिहिल्या आहेत. लहान कारखान्यात, गाळ्यात, वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत, मासळी सुकवायच्या जागेवर किंवा दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा लैंगिक छळ झाला, तर तिने तक्रार कुठे करायची आणि ती तक्रार पुढे कोणी न्यायची, यासाठी आपल्याला जिल्ह्यात एक यंत्रणा चालती करायची आहे. फळ्यावर पाच सूचना आहेत. ऑनलाइन तक्रार, कारखान्यांच्या फाटकावर तक्रारपेट्या, प्रत्येक गाळ्यात समिती, तालुक्याला अधिकारी, आणि वस्तीवर जाऊन तक्रार लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्या. पाचही सूचना मनापासून आलेल्या आहेत. पण मनापासून आलेली सूचना चालेलच असं नाही. ती चालेल की नाही हे आधी कसं तपासायचं, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

सुरुवातीला एक खुलासा करते. ‘व्यवहार्य’ हा शब्द आपल्या चळवळीला गोड लागत नाही, आणि ते योग्यच आहे. बायकांनी काहीही मागितलं की समोरून पहिलं उत्तर येतं, ‘तुमची मागणी रास्त आहे, पण व्यवहार्य नाही.’ पाळणाघर व्यवहार्य नाही, कामावर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह व्यवहार्य नाही, समान मजुरी तर नाहीच नाही. राजस्थानात १९९२ साली बालविवाह थांबवायला गेलेल्या साथिन भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या जागी बाईला सुरक्षितता देणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्या म्हणत होत्या, आणि तेव्हा ते पुष्कळांना अव्यवहार्यच वाटत होतं. १३ ऑगस्ट १९९७ला विशाखा निकाल लागला. कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं लागली. तेव्हा हक्क व्यवहार्य आहे का, असा प्रश्न आपण कधीच विचारायचा नाही. हक्क आहे तो आहे. प्रश्न विचारायचा तो साधनाला. हा हक्क बाईच्या हातात पोचवण्यासाठी आपण जो रस्ता धरतोय, तो तिथवर जातो का?

ही गल्लत टाळली की निम्मं काम झालं. कारण न चालणारा उपाय कागदावर आला की तो दुहेरी नुकसान करतो. बाईला काही मिळत नाहीच, वर ‘यंत्रणा तर आहे, बायकाच येत नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे होतात.

आता कायदा काय देतो ते थोडक्यात. २०१३चा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. जिथे दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. ती जिल्हा अधिकाऱ्याने नेमायची. समितीत पाच जण. समाजकार्यातली एक स्त्री अध्यक्ष, तालुक्यात किंवा प्रभागात काम करणारी एक स्त्री, संस्था-संघटनांमधून दोघे आणि समाजकल्याण किंवा महिला व बालविकास खात्याचा एक अधिकारी. शिवाय प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी, ज्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची.

कागद पुरेसा आहे. पण गोव्यातल्या एका प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालयाला १२ मे २०२३ रोजी म्हणावं लागलं की अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत. त्याच प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ला न्यायालयाने तारखा घालून दिल्या. सगळ्या जिल्ह्यांत जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत, आणि तालुक्यांना नोडल अधिकारी. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर! म्हणजे आपण मागतोय ते नवं नाही. जे कागदावर आहे ते चालतं कसं करायचं, ही आपली अडचण आहे.

कुठलीही सूचना आली की मी तिला सहा प्रश्न विचारते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात याला मोठी नावं आहेत, आपल्याला त्यांची गरज नाही.

पहिला, हे कायद्यात बसतं का? दुसरा, त्यासाठी लागणारं साधन खरोखर हाताशी आहे का? तिसरा, पैसा किती आणि कोणाच्या खिशातून? चौथा, बाई ते वापरेल का, आणि ज्याने चालवायचं तो ते रोज चालवेल का? पाचवा, ते वेळेत होईल का? आणि सहावा, जो पुस्तकांत सहसा नसतो, तो म्हणजे हे फसलं तर कोणाच्या अंगाशी येईल?

हे प्रश्न कोऱ्या मनाने विचारायचे नाहीत. एक बाई डोळ्यांसमोर ठेवून विचारायचे. समजा, तारापूर औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात सहा जण काम करतात, त्यात दोघी बायका. ही बोईसरला भाड्याच्या खोलीत राहते. ठेकेदाराने कामावर लावलंय. हजेरीचा कागद नाही. पगार रोख. कंपनीचं नाव तिला नीट सांगता येत नाही. मराठी बोलते, नाहीतर हिंदी किंवा ओडिया. त्रास देणारा माणूस म्हणजे सुपरवायझर, आणि तो ठेकेदाराच्या गावचा. आता फळ्याकडे बघू.

पहिली सूचना, ऑनलाइन तक्रार. केंद्र सरकारचं नवं शी-बॉक्स पोर्टल २९ ऑगस्ट २०२४ला सुरू झालं, तेव्हा ही सोय आहेच. कायद्यात बसते, पैसा लागत नाही, वेळही वाचतो. शिकलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या बाईला तिचा उपयोग आहे. पण आपल्या बाईच्या घरात फोन एक, आणि तो नवऱ्याकडे. तक्रारीचा निरोप त्या फोनवर आला तर संध्याकाळी घरी काय होईल? बरं, तक्रार पोर्टलवर गेली, पुढे ती उघडून बघणारा माणूस ठरलेला आहे का? साधन हाताशी आहे का, या प्रश्नात हेही येतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले, ते आठवा. फोनची क्षमता कमी, ते सारखे बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर, आणि पोषण ट्रॅकर हे नवं ॲप इंग्रजीत. दिल्लीत बसून पाहिलं तर योजना उत्तम होती. जिने रोज वापरायची तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून पोर्टल ठेवू, पण मुख्य दार म्हणून नाही. शेजारचं दार म्हणून.

दुसरी सूचना, तक्रारपेटी. स्वस्त आहे, दिसते, फोटो काढता येतो. म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण पेटी फाटकावर, आणि फाटकावर पहारेकरी आणि कॅमेरा. कोण चिठ्ठी टाकणार? किल्ली कोणाकडे? आणि मुख्य म्हणजे, चौकशी सुरू व्हायला बाईची लेखी तक्रार लागते, निनावी चिठ्ठीवर ती होत नाही. पेटीतल्या चिठ्ठ्यांवरून कुठल्या भागात त्रास जास्त आहे एवढं कळेल. तेही फाटकावरच्या नव्हे, रेशन दुकानाजवळच्या किंवा दवाखान्यातल्या पेटीतून. पेटी म्हणजे यंत्रणा नव्हे. पेटीवर समाधान मानलं तर ती रिकामी राहील आणि रिकामी पेटी आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखवली जाईल.

तिसरी सूचना, प्रत्येक गाळ्यात समिती. इथे पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी कायदा समिती मागतच नाही. आणि मागितली असती तरी सहा जणांत समिती कोणाची? मालक, त्याचा भाऊ, सुपरवायझर आणि तीच बाई. ही सूचना बाजूला ठेवू. पण तिच्यातली एक गोष्ट उचलू. जिथे दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथे अंतर्गत समिती नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. ठेकेदाराची माणसंही त्या मोजणीत धरली जातात. दहाच्या वरचे कारखाने आपण नऊचे समजून सोडून देतो, ते सोडायचे नाहीत.

चौथी सूचना, तालुक्याला अधिकारी. ही कायद्यात आहे, न्यायालयाचा आदेशही आहे. आपल्या जिल्ह्याची घडण बघितली की तिचं महत्त्व कळतं. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधी मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला ठाण्याला जावं लागे. २०२१ साली इथे कोळगावला मुख्यालयाच्या नव्या इमारती उघडल्या. ठाण्यापेक्षा कोळगाव जवळ, यात शंकाच नाही. पण मोखाड्याहून जव्हार, विक्रमगड, मनोर करत इथवर यायचं आणि परतायचं म्हणजे दिवस गेला. आठ तालुक्यांत आठ अधिकारी बसले तर मोखाडा, जव्हार, तलासरी, वाडा या सगळ्यांचा फेरा वाचतो.

पण आपली बोईसरची बाई? बोईसर पालघर तालुक्यात. तिचा तालुक्याचा अधिकारी म्हणजे पालघरलाच. म्हणजे जिथे उद्योग सर्वात दाट आहेत, जिथे गाळ्यांत बायका सर्वात जास्त, तिथे या सोयीने एक पाऊलही वाचत नाही. त्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार बंद. बाकी दिवशी कचेरी सुटेस्तोवर हिची पाळी सुटत नाही. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी, आणि रजा कशाला हवी हे सुपरवायझरलाच सांगायचं! नियम म्हणतो, तक्रारीच्या सहा प्रती द्या. म्हणजे झेरॉक्सचा खर्च वेगळा. नकाशावर सगळ्यांना सारखा वाटणारा उपाय जमिनीवर सारखा नसतो तो असा. तालुका अधिकारी हवाच, पण बोईसरसाठी तेवढ्याने भागणार नाही.

पाचवी सूचना, वस्तीवर जाऊन तक्रार लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्या. पुष्कळजणींना वाटतं हे कायद्याबाहेरचं आहे. तसं नाही. ज्या बाईला लिहून देता येत नाही तिला लिहिण्यासाठी योग्य ती सगळी मदत करणं हे स्थानिक समितीच्या अध्यक्षांवर आणि सदस्यांवर बंधनकारक आहे. बाई आजारी किंवा जखमी असेल तर तिच्या लेखी संमतीने सोबतिणीलाही तक्रार देता येते. तेव्हा वस्तीवर बोलून, कच्चा मजकूर तयार करून, तिला वाचून दाखवून तिच्या सहीने किंवा अंगठ्याने तक्रार करवून घेणं कायद्यात बसतं. बाई हे वापरेल का? पाण्याच्या नळावर, शाळेच्या दारात ओळखीची बाई भेटते, तेव्हा ती बोलते. कचेरीत बोलत नाही.

पण आता सहावा प्रश्न. कार्यकर्ती त्याच वस्तीत राहते. ठेकेदारही तिथलाच. बातमी फुटली तर तक्रार करणारीचं काम जाईल आणि कार्यकर्तीच्या घरावर माणसं येतील. कायद्याने नाव-पत्ता उघड करायला मनाई आहे, पण वस्तीत कायदा दाराबाहेर उभा नसतो. म्हणून ही सूचना स्वीकारायची असेल तर तिच्याबरोबर तीन गोष्टी स्वीकाराव्या लागतील. कार्यकर्ती एकटी नसेल, दोघी असतील. तक्रारीचा कागद वस्तीत ठेवायचा नाही, त्याच दिवशी पुढे जायचा. आणि येण्याजाण्याचा खर्च कार्यकर्तीच्या पदराचा नसेल. आपल्या चळवळीत बायकांची मेहनत फुकट धरायची सवय आपल्यालाही आहे. एखादी योजना ‘कमी खर्चाची’ आहे असं कोणी म्हटलं की विचारा, खर्च कमी आहे की तो कोणातरी बाईने गुपचूप उचललाय?

या पाच सूचनांतून एक सहावी निघते. बाईला कोळगावला आणण्याऐवजी समितीला बोईसरला न्यायचं. समितीने मुख्यालयातच बसावं असं कायदा म्हणत नाही, तिचं क्षेत्र जिल्हा आहे. चौकशीच्या बैठकीला अध्यक्षांसह किमान तिघे हजर हवेत. नियमाप्रमाणे कामकाजाच्या दिवसाचा भत्ता अध्यक्षांना २५० रुपये आणि अशासकीय सदस्यांना २०० रुपये. म्हणजे अध्यक्ष आणि दोन सदस्या आल्या तर दिवसाचे ६५० रुपये आणि प्रवासखर्च. एवढ्यात एका दिवशी तीन-चार बायकांचं म्हणणं ऐकता येईल, आणि त्यांची मजुरी बुडणार नाही, जर बैठक पाळी सुटल्यावर किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घेतली तर. पैशाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. अडचण वेगळी आहे. अध्यक्ष नसेल तर बैठकच होत नाही. सगळी यंत्रणा एका व्यक्तीच्या तब्येतीवर, तिच्या वेळेवर टांगलेली. आणि २५० रुपयांत आपला दिवस मोडून येणारी बाई तीन वर्षं टिकेल का? म्हणून निवेदनात फक्त ‘समिती नेमा’ असं लिहून भागणार नाही. अध्यक्षांची जागा रिकामी राहणार नाही, बैठकीचे दिवस आधी जाहीर होतील, प्रवासखर्च महिन्याच्या आत मिळेल, हे लिहायला हवं.

आता वेळेचा हिशेब. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. ज्या नोकरीत माणूस वर्षानुवर्षं राहतो तिथे हे ठीक आहे. ठेकेदारीत नव्वद दिवसांत ठेकेदार बदलतो, गाळ्यावरची पाटी बदलते, बाई गावी जाते. चौकशी चालू असताना तिची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा अशी सोय कायद्यात आहे. सहा जणांच्या गाळ्यात बदली कुठे? आणि हजेरीच नाही तर रजा कशाची?

यावर आपल्या हातात एक लहान उपाय आहे. कंपनीचं नाव बदलतं, पण औद्योगिक वसाहतीतला प्लॉट नंबर जागच्या जागी राहतो. प्रत्येक बचतगटाच्या वहीत, शेवटच्या पानावर, बाई कामाला लागली की तारीख, प्लॉट नंबर, ठेकेदाराचं नाव आणि रोजचा दर लिहून ठेवायचा. तक्रार असो नसो. ती सवय लागली की उद्या मजुरी बुडाली, अपघात झाला, तरी तीच नोंद कामाला येईल. एकाच गोष्टीसाठी केलेली नोंद संशयाची होते, रोजच्या कामाची नोंद कोणाच्या डोळ्यावर येत नाही. यालाही सहाही प्रश्न विचारून बघा. मला तरी ती टिकेलशी वाटते.

घरकामगार बायकांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर स्थानिक समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची आहे. म्हणजे तिने समितीला सांगितलं की गोष्ट पोलिसांपर्यंत जाणार, हे तिला आधी सांगावं लागेल. तिला न सांगता तिची तक्रार लिहून घेणं ही मदत नव्हे. एकच अर्ज, एकच रस्ता सगळ्यांना लावता येत नाही.

या जिल्ह्याला संघटनेचा इतिहास आहे. १९४५ साली झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकर तिथे होत्या. आज आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्या ठरावातली एक गोष्ट मोलाची वाटते. तो अमलात आणायला कोणाची परवानगी, कोणाचा निधी लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला त्याला आपल्या ठिकाणी तो पाळता येत होता, आणि शेजारीही तोच पाळतोय हे माहीत होतं. धोका मोठा होता, पण वाटून घेतलेला होता. उपाय असा असावा.

तेव्हा माझी सूचना अशी. जिल्हाभर एकदम काही जाहीर करायचं नाही. बोईसरच्या दोन वस्त्या आणि तुलनेसाठी जव्हार तालुक्यातली दोन गावं घेऊ. तीन महिने करून बघू. काय मोजायचं ते आजच ठरवू. किती तक्रारी आल्या हे मोजून काही कळत नाही. पहिल्यांदा बाई बोलली त्या दिवसापासून तिच्या हातात पोच येईपर्यंत किती दिवस गेले? तिची किती दिवसांची मजुरी बुडाली? तीन महिन्यांनी ती कामावर आहे का? जिने तक्रार मागे घेतली, तिने ती का घेतली? आणि थांबायचं कधी, हेही आजच ठरवू. एकाही बाईचं नाव फुटलं तर त्या दिवशी काम थांबवून रस्ता बदलायचा. तेव्हा ‘अजून थोडं बघू’ नाही.

तीन महिन्यांनी एखादी सूचना टिकली नाही तर ती ज्या गटाने सुचवली त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सूचना पडली म्हणजे हक्क पडला नाही. जिल्हा अधिकाऱ्यांकडे जाताना आपल्या हातात घोषणांच्या जोडीला दिवसांचा, रुपयांचा, खेपांचा हिशेब असेल. मग ‘व्यवहार्य नाही’ असं उत्तर आलं, तर कुठल्या प्रश्नावर नाही, हे त्यांना सांगावं लागेल.

आता जेवणानंतर प्रत्येक गटाने एकच सूचना घ्यावी आणि सहा प्रश्नांची उत्तरं लिहावीत. बोईसरच्या गटात आज तिथे काम करणाऱ्या चारजणी आल्या आहेत. त्यांनी आजची मजुरी सोडली आहे. त्यांना आधी बोलू द्या.